सलमाचं खोरं

पोरी, जवळ सरक. अजून जरा जवळ. वाचता वाचता उठू नको, त्या मोबाइलले दोन घडी पालथा घाल. पुण्याले गेली तशी मावशीले शिकवाले लागली तू. काल फोनवर काय म्हणली? "मावशी, खोरे, विळे, उलथने, कशाचे फोटो काढत फिरून राह्यली या वयात? लोक हासतात." लोक हासू दे. तू हासली ते मले लागलं. म्हणून लिहून राह्यली. शाळा माही चौथीपर्यंत, पुढचं सारं पुड्यांच्या कागदावर वाचून शिकली. चुका काढत बसू नको, शेवटपर्यंत वाच.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. आपली अर्धी वस्ती नागपूरले दीक्षाभूमीवर गेली होती. अन् मी अकोटच्या कापसाच्या जिनिंगमंदी नळाखाली बसून शेठच्या पूजेची औजारं घासून राह्यली होती. पाने, हातोडे, कानशी, तेलाच्या कुप्प्या. वर्षभराचं काळं तेल. राख अन् नारळाची शेंडी. बोटं सोलून निघाली. एकेक औजार लखलखीत करून मशीनपुढं लाल कपड्यावर ओळीनं मांडलं.

लहान शेठ आला. मालकाचा भाऊ. पूजा अजून लागाची होती, म्हणून बूट पायातच. हातात गडू, गोमूत्राचा.

"हट मागं," म्हणे.

मी मागं सरकली. माह्या हातानं घासलेल्या एकेक औजारावर त्यानं शिंपडलं. चार थेंब माह्या पायावर पडले. त्यानं पाह्यलं अन् म्हणे, "चाल, तू बी पवित्र झाली."

फिटर हसला. मुकादम हसला.

मी बी हसली.

हे गाळता आलं असतं, पोरी. पण खोटं काहून लिहू? एकवीस वर्षं मी त्या कारखान्यात अशीच हसत आली. माही माय, तुही आजी, म्हणे, मान खाली असली की काम टिकते.

मंग त्याची नजर ओळीच्या शेवटी गेली. तिथं खोरं होतं.

खोरं म्हणजे काय ते ऐक. जिनमधून रुई एकीकडं निघते, सरकी खाली पडते. सरकी तुंबली की मशीन अडते. मशीन बंद करा म्हणलं की मुकादम माय-बहिणीवर उतरे. मंग आमी बाया चालू मशीनखाली हात घालून सरकी ओढत होतो. माह्यासंगं सलमा होती, बाजूच्या मोहल्ल्यातली. तिनं तोड काढली. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवला, बाभळीच्या दांड्याले ठोकला. झालं खोरं. आठ हंगाम वापरलं तिनं. दांड्यावर तिच्या चार बोटांच्या खाचा पडल्या.

त्या दसऱ्याआधीच्या हंगामात मशीनच्या पट्ट्यानं खोरं ओढलं. खोऱ्यासंगं हात. सलमाची तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

शेठ लोकांनी काय सांगतलं? "ती कामाले नव्हतीच. शेरडीसाठी सरकी चोराले घुसली होती." हजेरीच्या वहीत आमचं बायाईचं नाव नाई. ठेकेदाराच्या तोंडी हिशेबात आमी. अकोल्याले कामगार कार्यालयात साहेब म्हणाले, "कामावर होती याचा पुरावा आणा." सलमानं हात वर केला. साहेब म्हणाले, "हा जखमेचा पुरावा झाला, बाई. कामाचा नाही."

म्हणून त्या दिवशी ते खोरं मी मशीनमागच्या कोपऱ्यातून काढलं, बाकी औजारांसारखंच घासलं अन् ओळीत ठेवलं. दर दसऱ्याले त्या ओळीचा फोटो निघते, मोठा होऊन ऑफिसात लागते. पूजा मले नकोच होती. आपल्या घरी औजाराले कुंकू कोण लावते? खोरं त्या फोटोत पायजे होतं. बस.

"हे काय?"

"खोरं हाय, शेठ."

"दिसते मले. इथं कोणं ठेवलं?"

"मी."

त्यानं हात लावला नाई. बुटाच्या टोकानं कपड्याबाहेर लोटलं. "असलं काही आमच्या कारखान्यात नाई. फेक बाहेर. फोटो खराब करून राह्यली."

मी उचललं. पुन्हा ओळीत ठेवलं. फोटोवाल्याले म्हणलं, "काढ रे दादा." तो कॅमेऱ्यात तोंड घालून बसला.

सलमा दारात उभी होती. माह्यासंगं आली होती, तिले आत येऊ दिलं नव्हतं. तिथूनच म्हणे, "बाई, रहने दे. तुहं काम बी जाईन."

लहान शेठनं बूट खोऱ्यावर ठेवला. दाबला. बरोबर त्या चार खाचांवर.

"ऐकू नाई आलं का तुले?"

 मी कमरेचा मोबाइल काढला. एकच फोटो. बूट, खोरं, लाल कपडा, मागं मशीन, मशीनवरचा नंबर.

लहान शेठनं बूट झटकन मागं घेतला.

"डिलीट कर."

मी मोबाइल छातीशी धरला.

"माह्यासमोर डिलीट कर. नाई तर उद्यापासून गेट बंद."

मुकादम कानाशी आला. "बाई, पुसून टाक. माफी माग. शेठ मनाचे चांगले हायेत."

अंगठा त्या कचरापेटीच्या चित्रावर होता. दाबणारच होती मी. एकवीस वर्षांची सवय होती अंगठ्याले. पण दाराकडं नजर गेली. सलमा पाहून राह्यली होती. थोड्या वेळाआधी मी हसली, ते बी तिनं तिथूनच पाह्यलं होतं. शेठपुढं लाज नाई वाटली मले कधी. तिच्यापुढं वाटली.

"नाई पुसत," मी म्हणलं. "पूजा तुमची. मशीन तुमची. खोरं सलमाचं."

खोरं उचललं अन् दाराकडं निघाली. तवा तो मागून वरडला, "ए! ठेव ते खाली! कारखान्याचा माल हाय तो!"

मी थांबली. वळली.

"काय म्हणले, शेठ? कारखान्याचा? पुन्हा म्हणा. आत्ता तर म्हणत होते, असलं काही कारखान्यात नाईच."

 कारखान्याचा माल, हे त्याच्या तोंडचं साऱ्याईनं ऐकलं. मी एकेकाकडं पाह्यलं. फिटर, मुकादम, फोटोवाला. एकेकानं नजर जमिनीत घातली. घाला म्हणलं. अकोल्याच्या साहेबापुढं वर पाहा लागीन.

दुसऱ्या दिवशी गेट बंद. तवापासून अकोट, वलगाव, जिथं बाई राबते तिथं जाऊन फोटो काढून राह्यली. नुसतं औजार काढत नाई. हातासकट. मागं त्या मालकाचं वावर, भट्टी, मशीन, जे असन ते आलंच पायजे. बाईचं नाव, काम, जागा खाली लिहून ठेवलेली. उद्या कोणी म्हणलं ही इथं नव्हतीच, तर? लोक हासतात म्हणते तू. मालक लोक नाई हासत. लहान शेठनं माणूस धाडला होता. फोटो दे, काम परत घे. त्या माणसाले मी चहा पाजला अन् रिकाम्या हातानं वापस धाडलं.

पुढच्या महिन्यात अकोल्याले कामगार कार्यालयात सलमाच्या अर्जाची तारीख हाय. लहान शेठ येईन, त्याचा वकील येईन. सलमा येईन, मी येईन, खोरं येईन. आतापर्यंत एकाही माणसानं साक्ष देतो म्हणलं नाई. नाई देतीन तर मी एकटी देईन. मी हसली होती हे पयले सांगीन. मंग कोण कोण उभं होतं अन् कोण कोण चूप होतं, ते एकेकाच्या नावानिशी सांगीन.

तू ये. सुट्टी नाई म्हणू नको, दिवाळीले पाहू म्हणू नको. तारखेच्या आधी ये. अकोल्याले उतर, अकोटची एसटी धर. स्टँडवर मी उभी राहीन.