उलटा हात

दुबईत तेव्हा वीज नवी होती आणि तिचं काम शिकवणारी सरकारी शाळाही नवी. एका खोलीत सुतारकाम, दुसरीत मोटारदुरुस्ती आणि शेवटच्या खोलीत आम्ही, विजेचे. माझ्या बाकावर रत्नागिरीकडचा एक वयानं मोठा माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दाराची कडी असो, नळ असो, चहाचा पेला असो, तो आधी उलट्या हातानं शिवायचा आणि मगच धरायचा. मला हसू यायचं.

एकदा मेन स्विच बंद करून मास्तर म्हणाले, "यल्ला, एकेकानं येऊन उघडी तार धरा."

तो आधी गेला. ओठांत काहीतरी पुटपुटत त्यानं बोटांची मागची बाजू तारेला लावली, मग तार धरली. परत आला तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"स्विच तर बंद होता ना, भाई?" मी विचारलं.

"माझ्या भावालाही असंच सांगितलेलं," तो हळूच म्हणाला. "त्यानं तळव्यानं धरली. करंट लागला की मूठ आवळते रे, मग उघडत नाही. खलास. उलटा हात असता तर झटक्यानं मागं आला असता."

"मग हेच काम का शिकता?"

"आईला कळवलंय, सुतारकाम शिकतो."

तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठलो. उलटा हात पुढे करायचा, एवढंच होतं. पण खिशात माझी मूठ आवळली होती, आणि ती काही केल्या उघडेना.