गिरणगावातली खोली, कापड्यातली बैठक

मुंबईकर महाबळेश्वरला पुण्यावरून जातात. गिरण्यांचा संप फसला, त्यानंतरच्या थंडीत मी पोलादपूरवरून जायचं ठरवलं. परळच्या माझ्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा माझा दोस्त धोंडू गावी, कापड्याला परतला होता. त्याला भेटायचं, मग आंबेनळीचा घाट चढायचा, असा बेत.

एसटीने महाडपर्यंत हाडं खिळखिळी केली. स्टँडबाहेरची मिसळ झकास, रस्सा मात्र बेताने घ्या. हॉटेलवाला कुरकुरत होता, की गिरणीचा पैसा यायचा तेव्हा बाजारच्या दिवशी बसायला जागा नसायची, आता लोक पाणी पिऊन जातात. पोलादपुरात शिंप्याचं मशीन भरदुपारी झाकलेलं.

कापड्याला पोचलो तर धोंडूच्या वाडीची बैठक भरलेली. लालबागला वाडीची भाड्याची खोली होती. दिवसपाळीवाला उठला, की रात्रपाळीवाला त्याच अंथरुणात आडवा. भाडं सगळ्यांचं मिळून. आता ती सोडायची का, एवढाच प्रश्न. सोडली तर वाडीतल्या कुणालाच मुंबईत पाय टेकायला जागा नाही.

धोंडू अडून बसला होता. "गिरणी चालू होनार हाय. खोली सोडायची नाय."

अंगणाच्या टोकाला थोरले बाळाआबा शेजाऱ्याच्या कानाशी काही पुटपुटले. माझे कान तिखट, तरी शब्द कळला नाही. धोंडूला कळला. साच्यांच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात; जन्मभर शेतीत राबलेल्या आबांना हे कुठलं ठाऊक?

"आबा, मोठ्यानं बोला की," धोंडू म्हणाला. आबांनी नको म्हणून हात हलवला. तेव्हा त्यानेच सगळ्यांना सांगितलं, "आबा म्हनतात, गिरणी काय आता उघडत नाय. पन धोंडू खचंल, त्याच्यापायी वरीसभर ऱ्हाऊ दे खोली."

कुणी मान वर करेना.

"माझ्यापायी नको. सोडा."

दुसऱ्या दिवशी मी आंबेनळी चढलो. वळणं देखणी आहेत, उजव्या खिडकीसाठी भांडा. महाबळेश्वरला काय पाहिलं, ते आता आठवत नाही.

महिनाअखेरीस धोंडू खोली रिकामी करायला मुंबईत आला. मीही गेलो. वळकट्या बाहेर काढल्या, खुंट्यांवरची दोन शर्टं घेतली. मग तो बादली भरून आला आणि फरशी घासायला बसला. म्हटलं, अरे, आता कुणासाठी?

"शेठ, पुढचा मानूस येल," तो म्हणाला. "कापड्याची मानसं घान ठेवून गेली, असं नको म्हनाया."

फरशी वाळेपर्यंत आम्ही दारात उभे होतो. मग त्याने मालकाकडे किल्ली दिली.