मनगटावरचे ठोके

बायको लसूण सोलत बसली होती आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके एकशे बावीस दाखवत होतं. नुसतं बसून एवढे? मी तिचा हात धरला.

घड्याळ खरं तर माझं. गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मुलीनं पाठवलेलं. घरातल्या घरात रोज सहा हजार पावलं चालायचं मी तिला कबूल केलं होतं. महिनाभर चाललो. मग रोज सकाळी ते बायकोच्या हातात बांधू लागलो.

"तुमची पावलंही मीच चालू का आता?" ती हसली होती. केरवारे, धुणं करता करता सहा हजार व्हायची आणि मुलीची शाबासकी मी घ्यायचो.

"दम लागतो का गं तुला?"

"लागतो जिन्यात. बरेच महिने झाले."

"बोलली नाहीस?"

"तुमचंच एवढं चाललं होतं."

वर्षभर या घरात जणू एकच हृदय होतं, माझं. त्याच्यासाठी सगळे अळणी जेवलो.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी संध्याकाळी बोलावलंय. आकडा उतरतो, पुन्हा चढतो.

"अहो, हात सोडा, भाजी टाकायचीय."

मला हात सोडवत नाही.