स्वतःविरुद्ध लिहिलेला कागद

त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. बायकोसुद्धा चिडली की 'अहो भिंगवाले' अशीच हाक मारी. काम हस्ताक्षरं तपासण्याचं. मृत्युपत्र खरं की बनावट, सही याची की त्याची, असा वाद कोर्टात उठला की कागद त्यांच्या टेबलावर यायचा. बुकबाइंडरच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि जिन्यात कायम खळीचा वास असे. टेबलावर तीन भिंगं, मान वाकणारा एक दिवा, मोजपट्ट्या, आणि चहाचा कप ठेवायला सक्त मनाई. एकदा कोणा वकिलाने कप टेकवला, तेव्हा भिंगवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने उरलेला चहा जिन्यात उभ्या उभ्या संपवला.

बत्तीस वर्षांत त्यांनी एवढं खोटं पाहिलं होतं की दुसरा एखादा माणूसघाणा झाला असता. भिंगवाल्यांनी त्या खोट्यातून एक नियम काढला आणि तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. खोटं लिहिणारा नेहमी आपल्याच पोळीवर तूप ओढतो. बनावट मृत्युपत्र करणाऱ्याला घर मिळतं, बनावट पत्र लिहिणारा निर्दोष ठरतो. तेव्हा जो कागद लिहिणाऱ्यालाच दोष देतो, तो खरा.

शुक्रवारी ते हाच नियम धर्माच्या कामाला जुंपत. नमाजानंतर ऑफिसात पाच-सहा माणसं जमत. कुराण ईश्वराकडूनच आलं हे नुसत्या श्रद्धेने नव्हे, अकलेने पटवून द्यायचं, असा त्या बैठकीचा पण होता. भिंगवाल्यांचे मुद्दे ठरलेले आणि चांगली धार लावलेले. ज्या पैगंबरांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांच्या तोंडून ही भाषा आली कुठून? तेवीस वर्षं, कधी लढाईत, कधी दुःखात, तुकड्यातुकड्यांनी उतरलेला मजकूर, तरी सूर एकच कसा? यासारखा एक अध्याय तरी रचून दाखवा, असं उघड आव्हान असताना त्या काळचे भाषेचे उस्ताद मूग गिळून का बसले?

आणि शेवटी त्यांचा लाडका मुद्दा यायचा. पैगंबर एकदा शहरातल्या बड्या लोकांना धर्म समजावत होते. तेवढ्यात एक आंधळा माणूस काही विचारायला आला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. आणि त्या एका आठीबद्दल त्यांना ग्रंथातच टोकलं गेलं, ते जगाच्या अंतापर्यंत सगळ्यांनी वाचावं म्हणून तसंच राहिलं. "ग्रंथ स्वतःच रचणारा माणूस ही ओळ पहिल्याच दिवशी खोडेल," भिंगवाले म्हणत. "आंधळ्याला तर ती आठी दिसलीही नव्हती. कोणाला कळणार होतं?"

ऐकणारे माना डोलवत. समोरच्या गल्लीतले घड्याळजी तेवढे डोलवत नसत. लोकांचा विश्वास बसावा म्हणून एखादा हुशार माणूस स्वतःला एक चापट मारून घेईल की, असं त्यांचं म्हणणं. त्यावर भिंगवाल्यांचं उत्तर तयार असे: बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर असा एकही कागद आला नाही, तुम्ही आणून दाखवा. घड्याळजींकडे कुठला कागद? ते चष्मा पुसत बसत.

तो कागद एका मंगळवारी सकाळी एक शिक्षिका घेऊन आली. वय अठ्ठावीसच्या आसपास, पिशवी छातीशी धरलेली. तिची आई अकरा वर्षं तुरुंगात होती. एका लाकडाच्या वखारीला संध्याकाळी आग लागली आणि आत झोपलेला पहारेकरी जळून मेला. दुसऱ्या दिवशी आईने पोलिसांच्या हातात दोन पानी पत्र दिलं, की मालकाने मला कामावरून काढलं म्हणून आग मी लावली. तिचा वकील कोर्टात ओरडून सांगत होता की ही बाई मुलाला पाठीशी घालते आहे. भिंगवाल्यांचं मत मागवण्यात आलं. हस्ताक्षर तिचंच, जबरदस्तीची खूण नाही, एवढं त्यांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण मजकूर खरा मानावा का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा 'हे माझं काम नाही' म्हणायचं सोडून भिंगवाल्यांनी आपला नियम ऐकवला. निकालपत्रात तो शब्दन् शब्द उतरला.

गेल्या महिन्यात शिक्षिकेचा भाऊ दवाखान्यात वारला. जाण्याआधी दोन डॉक्टरांसमोर त्याने आग आपणच लावल्याचं सांगितलं. आई मात्र अजून हट्टाला पेटलेली: पोराला तापात भ्रम झाला होता, आग मीच लावली. आता फेरविचाराचा अर्ज अडकला होता तो त्या पत्रापाशी आणि भिंगवाल्यांच्या त्या वाक्यापाशी. ते पत्र साहेबांनी पुन्हा तपासावं, एवढंच मागायला ती आली होती.

भिंगवाल्यांना राग आला. आपण तपासलेला कागद पुन्हा तपासा म्हणजे काय? तसं ते म्हणालेही. तिने ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता बोलली.

"मी तेव्हाही आले होते, निकालाच्या आधी. सतरा वर्षांची होते. या दारात उभी राहिले. तुम्ही एका मोठ्या वकिलांना त्या आंधळ्या माणसाची गोष्ट सांगत होता. मी 'साहेब' म्हटलं. तुम्ही कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलंत आणि पाठ फिरवलीत. गोष्ट संपेपर्यंत मी उभी होते. मग तुम्ही पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागलात, तेव्हा गेले."

 भिंगवाल्यांनी आठवून पाहिलं. वकील आठवला, त्याचा करडा कोट आठवला, तो जाताना 'तुम्ही मला विचारात पाडलंत' म्हणाला होता तेही आठवलं. दारातली मुलगी काही केल्या आठवेना. जी गोष्ट हजार वेळा सांगितली, ती सांगता सांगताच त्यांनी ती करून दाखवली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.  

मग त्यांनी विचारलं, "काय सांगायला आली होतीस?"

"आईने ते पत्र पुन्हापुन्हा लिहिलं होतं. माझ्या वहीत, स्वयंपाकघरात बसून. लिहायची, पान फाडायची, चुलीत टाकायची. मी पाहिलं होतं."

कोर्टाच्या परवानगीने मूळ पत्र दहा दिवसांनी त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी खिडकी लावून घेतली, दिव्याची मान पार खाली वाकवली आणि उजेड कागदावर आडवा टाकला. वहीच्या वरच्या पानावर दाबून लिहिलं की खालच्या पानावर वळ उठतात; तिरप्या उजेडात ते वाचता येतात. या धंद्यातलं हे बिगारीतलं काम, जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. शाईच्या ओळींमधून दुसऱ्या ओळी वर आल्या. एका जागी आग पाच वाजता लागली होती, एका जागी सहाला, शाईत साडेसहाला. एका जागी रॉकेलची बाटली होती, दुसऱ्या जागी डबा. जिने आग लावली तिला एवढा सराव करावा लागत नाही.

 भिंगवाल्यांना धक्का बसला तो बाईच्या खोट्याचा नव्हे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दिवा वाकवलाच नव्हता. पत्र लिहिणारीच्या विरुद्ध आहे हे वाचल्याबरोबर त्यांच्या मनाने निकाल देऊन टाकला होता. त्यांची नजर भिंतीच्या कपाटाकडे गेली. बत्तीस वर्षांच्या फायली ओळीने उभ्या होत्या, आणि त्यातल्या कितींना आपण असंच अर्धवट पाहिलं असेल, हे त्यांना सांगता आलं नसतं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता हातातलं काम थांबवलं. एरवी ती नवऱ्याची फिरकी घ्यायची संधी सोडत नसे. आज तिने घेतली नाही.

"कुराणातली ती आयत, ती ओळ, तुम्ही गावाला ऐकवलीत," ती म्हणाली. "स्वतः ऐकायची तेवढी राहून गेली."

शुक्रवारी बैठकीत त्यांनी काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं.  ज्या मुद्द्यावर बैठक उभी होती तोच मुद्दा मांडणारा माणूस पाडतो आहे, हे कोणाला झेपेना. बुकबाइंडरने घाईघाईने वाट काढून दिली: बाईला कारण होतं, पोराची माया होती, ग्रंथातल्या त्या ओळीने कोणाला वाचवायचं होतं? म्हणजे नियम थोडा दुरुस्त केला की झालं.

"असेल. मुद्दा कदाचित टिकेलही," भिंगवाले म्हणाले. "आणि माझं ईमान, माझी श्रद्धा त्या मुद्द्यावर टांगलेली नाही, हे मला या आठवड्यात कळलं. पण मी तुम्हाला सांगत आलो की असा कागद माझ्या टेबलावर आला नाही. तो आला होता. मी पाहिला नाही."

आता सगळे घड्याळजींकडे पाहू लागले. इतक्या वर्षांचा वाद ते जिंकले होते, दोन शब्द बोलायचा त्यांना हक्क होता. घड्याळजींनी फक्त विचारलं, "ती बाई अजून आतच आहे?" तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण तासभर चर्चा झाली आणि हा प्रश्न कोणाच्या तोंडून निघाला नव्हता.

भिंगवाल्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं: माझं पूर्वीचं मत चुकीचं होतं, ते द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि आवश्यक ती तपासणी मी केली नव्हती. ते लिहिताना बत्तीस वर्षांचं नाव पाण्यात जाणार हे त्यांना दिसत होतं. कोर्टात सरकारी वकील हुशार निघाला. माणूस स्वतःविरुद्ध खोटं लिहू शकतो असं आता तुमचंच म्हणणं आहे, तो म्हणाला, मग तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलेलं हे खरं कशावरून?  आयुष्यभर दुसऱ्यांच्या खरेपणाला त्यांनी जो टेकू दिला होता, तो त्यांच्याच वेळी नेमका निसटला होता.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते शेवटी म्हणाले. "दिवा मागवा आणि स्वतः पाहा."

दिवा आला. न्यायाधीश वाकले, वकील वाकला, आणि वळांच्या ओळी दोघांनीही वाचल्या. दोन महिन्यांनी सुटकेचा हुकूम निघाला. तज्ज्ञांच्या यादीतून भिंगवाल्यांचं नाव त्याच आठवड्यात कमी झालं.

सुटकेच्या दिवशी ते तुरुंगाच्या फाटकाबाहेर गेले. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं की ती बाई दोन बरे शब्द बोलेल. फाटकातून एक ठेंगणी, वाळलेली बाई बाहेर आली. मुलीने तिला मिठी मारली, मग हे कोण ते सांगितलं. बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का ते? माझं पत्र खरं मानणारे?"

भिंगवाल्यांनी मान हलवली.

"त्या दिवशी कोर्टात मी तुमच्यासाठी दुआ मागितली होती. पुढे अकरा वर्षं रोज मागितली. म्हटलं, या एका भल्या माणसाने माझं पोर वाचवलं." ती एक पाऊल पुढे आली. "आता त्याच्या कबरीवरून जाणारा प्रत्येक जण म्हणेल, यानेच त्या पहारेकऱ्याला जाळलं. मी आत होते तोवर तो निर्दोष होता. तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुन्हा पाहायला?"

मुलगी तिला आवरू लागली. भिंगवाल्यांनी हातानेच नको म्हटलं. माफीचं वाक्य ते घरून पाठ करून आले होते, पण ते कुठल्या अपराधासाठी म्हणायचं हेच त्यांना कळेना. एक निरपराध बाई बाहेर आली होती, आणि तिच्यापुढे ते चोरासारखे उभे होते. ती रडत, थांबत, पुन्हा बोलत राहिली. ते तिथून हलले नाहीत, आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत ऐकत राहिले.