भाच्याचे कान

आमच्याकडे मुलाचे कान टोचतात ते मामाच्या मांडीवर बसवून. बहिणीचा मुलगा वर्षाचा झाला तेव्हा मंठाळला, तिच्या सासरी, मी मांडी घातली. सोनाराने तार आरपार नेली. भाचा किंचाळला, बायका हसल्या. संध्याकाळी झबल्याचा गळा रक्ताने भिजलेला दिसला. हळद दाबली, चुना लावला. दुसऱ्या दिवशीही थेंब थेंब चालूच.

"सोनाराचा हातच वाईट," तिची सासू म्हणाली.

मला वेगळी शंका होती. तरी मी पुन्हा हळदच दाबली.

आमचा एक भाऊ सात वर्षांचा असताना गेला. दुधाचा दात पडला आणि तीन दिवस हिरडी वाहत राहिली. पुढे वडीलही गेले, म्हणून बहिणीची सोयरीक मीच जुळवली. भाऊ कशाने गेला, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी बेधडक "तापानं" म्हणून मोकळा झालो. खरं सांगितलं तर मुलगी कोण करणार, ही भीती. मी असं खोटं सांगितलंय, हे बहिणीला कळू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनेच पोर खांद्यावर टाकलं. ती, तिचा नवरा आणि मी हुमनाबादला बस बदलून गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "घरात असं आधी कुणाला झालंय?"

चौथीपर्यंत शिकलेली माझी बहीण म्हणाली, "माझ्या भावाला, दात पडला तवा. आन् आईच्या भावाला, पायात काच घुसली व्हती. दोघंबी गेले. बायांत कुणालाच न्हाई."

तिचा नवरा माझ्याकडे वळला. "पाव्हणं, तुम्ही तर ताप म्हणलावता!"

"ते मागनं भांडा," ती म्हणाली. "आधी लेकराचं लिहून घेऊ द्या."

डॉक्टरांनी समजावलं: रक्त गोठायला लागणारी एक गोष्ट या मुलात कमी आहे, हा दोष आईकडून येतो आणि बहुधा मुलग्यांत दिसतो.

"म्हंजे माझ्याकडनं आलंय," ती नवऱ्यादेखत म्हणाली. "उद्या लेक झाली तर तिच्यात बी असल?"

"असू शकतो."

पोराला रक्त द्यायचं ठरलं. गट माझा जुळला, पण त्याच घराण्यातला माणूस म्हणून नर्स अडखळली. बहीण म्हणाली, "ह्या माझ्या अण्णाला दाढी करताना रोज कापतंय. हातच तसला हाय. पण लगेच थांबतंय की!"

डॉक्टर हसले. "बरोबर. यांच्यात तो दोष नाही. घ्या यांचं." मग तिच्याकडे बघत म्हणाले, "शिकलेली माणसंही एवढं लक्षात ठेवून येत नाहीत."

बाटली भरत असताना मेहुणा शेजारी उभा होता. मी म्हणालो, "मी खोटं बोललो. तिला ठाऊक नव्हतं." बहीण बाहेर बाकावर बसली होती, तिला तो जाऊन चहा देऊन आला.

सकाळी कान सुकले. बहिणीने मला जवळ बोलावलं. वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या.

"आपल्या धाकट्या बहिणीला बघायला पुढल्या महिन्यात लोक येणार न्हवं?" ती म्हणाली. "ह्ये सगळं त्यांला आधी सांगायचं. तूच सांगायचं."

मी सांगितलं. ते लोक चहा न पिता उठले. त्यानंतर आलेल्यांनाही सांगितलं.