मिस्त्रीच्या मुलीचा फॉर्म

ज्युरी सुरू होती आणि ममताची शीट अर्धी कोरी होती. ज्युरी म्हणजे वर्षाअखेरची तोंडी परीक्षा. विद्यार्थी आपली ड्रॉइंग्ज भिंतीला लावतो, बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारतात. तिने जिन्याचं मॉडेल केलं होतं, तीन महिने खपून. परीक्षकांनी सेक्शन मागितलं. इमारत उभी कापली तर आत जे दिसेल, ते ड्रॉइंग. ममता पेन्सिल धरून नुसती उभी राहिली. नापास झालीस तर घरी बसायचं, असं वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. हे मला माहीत होतं.

मी धारचा. देवासजवळच्या एका खासगी कॉलेजात आर्किटेक्चर शिकवतो. त्या वर्षी माझ्या डोक्यात लर्निंग स्टाइल्सचं खूळ होतं. कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. त्याप्रमाणे शिकवलं की निकाल सुधारतो, असा पेपर मला कॉन्फरन्समध्ये वाचायचा होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून एक इंग्रजी फॉर्म भरून घेतला आणि तीन गट पाडले. बघणाऱ्यांना ड्राफ्टिंग, म्हणजे बोर्डावर ड्रॉइंग काढणं. ऐकणाऱ्यांना जादा लेक्चर. हातवाल्यांना मॉडेलरूम.

ममता धारजवळच्या तिरला गावची, हिंदी मीडियमची. फॉर्म कोराच घेऊन आली. मला घाई होती. वडील काय करतात, एवढंच विचारलं. मिस्त्री आहेत, म्हणाली. मी सगळ्या खुणा 'हाताने'च्या रकान्यात केल्या आणि तिची सही घेतली.

पुढे दोनदा ती ड्राफ्टिंगला बसू का, असं विचारायला आली. दोन्ही वेळा परत पाठवली. गट बदलला असता तर पेपरसाठी केलेला माझा तक्ता बिघडला असता. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "सर, पापा ने तो कभी थापी छूने नहीं दी. बोलते थे, तू पढ़."

"अरे, खून में होता है," मी म्हणालो. हसलोही. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

तर ज्युरी. परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी मला सुचवलं, शिकवण्यात काही राहून गेलं असेल तर तसं लिहून द्या, आठ दिवसांनी हिची ज्युरी पुन्हा घेऊ. दोन ओळींचं काम होतं. आमचे एचओडी माझ्या कानाशी आले. "क्या भिया, पेपर पढ़ना है कि नहीं?"

मी परीक्षकांना सांगितलं, "मौका तो सबको बराबर मिला था, सर."

ममताचं वर्ष गेलं. ती परत आली नाही. कॉलेज सोडलं म्हणून तिचं नाव तक्त्यातून निघालं, त्यामुळे हातवाल्यांचा निकाल उलट बरा दिसला. पेपर वाचला. टाळ्या पडल्या. एचओडींनी पेढे वाटले.

चार वर्षांनी, एका रविवारी, तिरल्याला गेलो. ती आता तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. वडील कामावर गेले होते. मी फॉर्मपासून ज्युरीपर्यंत सगळं सांगितलं, माफी मागितली.

"पता था सर," ती म्हणाली. "जूरी में मैं आपके बगल में ही तो खड़ी थी."

मग चहा टाकायला उठली. मी नको म्हणालो नाही.

आता मी फॉर्म भरून घेत नाही. सगळे ड्राफ्टिंगला बसतात, सगळे मॉडेल करतात. ज्याला जे जमत नाही त्याला ते आधी शिकवतो. निकाल मध्यम लागतो. त्यावर पेपर होत नाही.