माशांचा पहिला घास

दादाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी तिथे नव्हते, आमच्यात बायका जात नाहीत. पण बाबांनी घरी येऊन सांगितलं ते असं. हात जोडून सगळ्यांचं सगळं कबूल करून झालं. आईवडिलांकडे बघू, बहिणीचं लग्न लावून देऊ. माझं लग्न त्या कावळ्याच्या कानावर घालायची काय गरज होती, कोण जाणे. कावळा आपला लांब पत्र्यावर बसून. शेवटी बाबा म्हणाले, "झिला, तुझ्या माशांका तुझी आवस उपाशी ठेवची नाय." आणि कावळा खाली उतरला.

आईने हे ऐकलं, डोळे पुसले आणि टाकीकडे बघितलं. तिला न विचारताच तिच्या नावाने शब्द गेला होता. पण तो आता तिचा झाला.

टाकी घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत होती, जिथे खरं तर कपाट हवं होतं. दादा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होता. खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. काचा त्यानेच चिकटवल्या. मढच्या कोळ्यांच्या होडीतून आत जाऊन तो कॅन भरून पाणी आणायचा. किनाऱ्याचं पाणी चालत नाही, जुहूचं तर मुळीच नाही, हे भेटेल त्याला ऐकवायचा. आत प्रवाळाचे दगड, एक समुद्रफूल आणि त्या फुलाच्या पाकळ्यांत लपणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. दादा काविळीने बघता बघता गेला तेव्हा पाणी इतकं नितळ होतं, की टाकीमागच्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा दिसायचा.

दिवाळीपर्यंत तो डाग दिसेनासा झाला. काचांवर हिरवं शेवाळ चढलं, मग दगडांवर केसांसारख्या लांब बटा आल्या. दादाच्या जुन्या टूथब्रशने मी रोज घासायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं. मासे गेले तर दादाचा जीव अडकून पडेल, असं आई एकदाच म्हणाली. मला तेवढं पुरे होतं.

मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. शेवाळ माजलं म्हणजे पाण्यात फॉस्फेट असणार, एवढं मला कळत होतं. आणि फॉस्फेट शोधणं हे तर माझ्या रोजच्या पोटापाण्याचं काम. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, आम्लातलं मॉलिब्डेट घालायचं, मग टिन क्लोराइडचा थेंब. फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं, जेवढं जास्त तेवढं गडद. आधी मला कपडे धुण्याच्या पावडरचा संशय आला, कारण मोरी टाकीपासून दोन हातांवर. मग दादाचा मित्र अजून मढहून आणून द्यायचा त्या पाण्याचा. म्हणून कॅनमधलं पाणी एका नळीत घेतलं आणि टाकीतलं दुसऱ्या. कॅनमधलं जेमतेम निळसर झालं. टाकीतलं शाईसारखं.

म्हणजे जे काही होत होतं ते घरातच होत होतं. त्या रविवारी मी एक दगड उचलला आणि खाली भाताची शितं दिसली. पांढरी, फुगलेली, काही कुजून काळी पडलेली. माशाच्या कालवणाचा एक काटासुद्धा.

आई जेवायला बसायची तेव्हा पहिला घास टाकीत टाकून यायची. रोज दुपारी, घरात एकटी असताना. मी कॉलेजात आणि बाबा कुर्ल्याला वॉचमनच्या ड्युटीवर, बघणार कोण? मासे त्यातलं टिपून टिपून किती खाणार? उरलेलं कुजायचं आणि शेवाळाचं पोट भरायचं.

मी भडकले. माझा स्वभावच तसा आहे, आणि दादा गेल्यापासून मला भडकायला काहीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी बुचं लावून दोन्ही नळ्या घरी आणल्या आणि आईसमोर धरल्या. तिने गडद नळी हातात घेतली, उजेडात फिरवून बघितली.

"ह्यां निळां चांगलां मा? दर्यासारख्यां दिसतां."

"आई, हे विष आहे विष! तुझ्या भाताने वाट लागली टाकीची. तूच मारतेयस त्यांना."

तिने नळी हळूच टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "उपाशी नाय मा रवणार ते?"

"नाही रवणार. मी घालीन त्यांचं खाणं, दिवसाआड चिमूटभर. तू एक शीतसुद्धा घालायचं नाहीस. शब्द दे."

तिने शब्द दिला. त्या दिवसापासून ती टाकीकडे पाठ करून जेवायला बसू लागली, आणि भात निम्म्यावर आला. मी ते बघत होते, पण नळीतला निळा रंग फिका पडत चालला होता आणि मला त्याचा आनंद झाला होता. जुनं पाणी काढून नवं घातलं, मुळापासून शेवाळ उपटलं. समुद्रफूल परत उमललं. भिंतीवरचा डाग पुन्हा दिसू लागला.

मग एका गुरुवारी आमच्या रस्त्यावर खणताना कुणाच्या तरी कुदळीने केबल तुटली आणि सकाळीच वीज गेली. मला कॉलेजात हे कळायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी दार ढकललं तर हवेचा पंप गप्प होता. आई टाकीसमोर स्टुलावर बसलेली. दोन्ही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते.

"दुपारपासून वर येवन तोंडां उघडीत होते गो," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून मागी होते. तुका शब्द दिल्लंय, म्हणान एक शीत घातलंय नाय."

 मी खाली बसले आणि तिचा हात धरला.

"त्यांना भूक नव्हती, आई. पंप बंद पडला, पाण्यातली हवा संपली. ते श्वासासाठी वर येत होते."

"भूक नव्हती?"

"नव्हती."

तिने पदराने तोंड पुसलं. मालवणात लहानपणी खाडीतले जिवंत मासे कळशीतून आणताना ती आणि बरोबरची पोरं, मासे जगावेत म्हणून, वाटभर पाणी हलवत यायची, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. ते तिलाही आठवत असावं, कारण तिने टाकीकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"मगे पाणी हातान ढवळलां असतां तर?"

दिवसभर ढवळत राहिली असती तर ते वाचले असते. जे दिसेल तेच लिहा, मनाचं घालू नका, असं मी कॉलेजात रोज मुलांवर ओरडायचे.

"नाही," मी म्हटलं, "ढवळून काहीच झालं नसतं."